शेवटची एक स्पर्धा

(पत्र सात पानांचं होतं. इथे थोडक्यात देते आहे. नाव, कॉलेज आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

बाई, नमस्कार.

मी २१ वर्षांची, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहावीपासून खो-खो खेळते. घर कुंभारीला. अम्मा बिड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. कुमारी गटात एकदा महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळले, तेव्हा सुवर्ण मिळालं होतं. त्यानंतर कॉलेजकडून.

दुसऱ्या वर्षाला असताना मॅटवर पळताना हूल द्यायला वळले आणि गुडघ्यात कट्कन आवाज आला. प्रशिक्षक म्हणाले, मुरगळलाय, बर्फ लाव. पट्टी बांधून पुढच्या पाळीत पुन्हा पळाले. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. दोन महिन्यांनी एमआरआय केला, तर गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटलेलं. अम्मानं गंठण गहाण ठेवलं, ऑपरेशन झालं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा मी पायाला ब्रेस लावून घरी पडून होते. प्रियांका इंगळेच्या भारतीय संघानं फायनल जिंकली, घरात सगळे ओरडले, मी उठून स्वयंपाकघरात गेले.

ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात निवड चाचणी होती. काहीच दुखत नव्हतं म्हणून उतरले. नवव्या दिवशी तोच आवाज. आता बसवलेलं लिगामेंट गेलंय, आतली गादी फाटली, तिचा तुकडा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, खो-खो संपला, आता चालण्यासाठी गुडघा जप. सर म्हणतात, शेवटची एक स्पर्धा खेळ, पळू नकोस, फक्त चौकोनात बस, प्रमाणपत्र तरी मिळेल. शनिवारपर्यंत नाव द्यायचंय.

घाई मी केली, म्हणजे चूक माझीच ना? पार्क मैदानावरून जावं लागू नये म्हणून मी लांबून वळसा घालून कॉलेजला जाते. मैत्रिणींचा ग्रुप सोडला. पहाटे साडेचारला जाग येते आणि काय करायचं कळत नाही. घरी लग्नाचं बोलणं सुरू आहे, आत्या म्हणते ऑपरेशनचं कुणाला सांगू नका. वर्गात हजेरी घेताना माझं नाव आलं की वाटतं, दुसऱ्याच कुणाचं तरी घेतलं.

– एक वाचक, सोलापूर



बाळ,

शनिवार जवळ आलाय म्हणून तेच आधी. नाव देऊ नकोस.

सर म्हणतात फक्त बस. खो-खोत फक्त बसणं असतं का? दहा वर्षं तू त्या चौकोनात बसली आहेस. उकिडवं, टाचा उचललेल्या, सगळं अंग ताणलेलं, आणि पाठीमागून खो आला की त्याच श्वासात उसळी. उकिडवं बसलं की गुडघा पूर्ण दुमडतो आणि भार गादीच्या मागच्या बाजूवर येतो. तुझ्या गुडघ्यात ती गादी आता अख्खी नाही. त्यात उठता उठता दिशा घ्यायची, समोरची हूल देणार, तू झेपावणार. तू मैदानात असताना अर्धवट खेळशील, यावर तुझा तरी विश्वास आहे का? माझा नाही. दहा वर्षं अंगात मुरलेली गोष्ट खो ऐकल्यावर तुला विचारत बसणार नाही.

पट्टीचं म्हणशील, तर पट्टी कातडीवर बसते. एसीएल ही आतली दोरी आहे, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरकी गेलेली. नडगी पुढे सरकू नये, गुडघा पिळला जाऊ नये, हे तिचं काम. बाहेरून कितीही करकचून बांधलं तरी ते काम पट्टीला जमत नाही. ऑपरेशननंतर मैदानात परतणाऱ्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंपैकी साधारण चार-पाचांत एकाचं लिगामेंट पुन्हा तुटतं, कधी त्याच पायाचं, कधी चांगल्या पायाचं. तुझं एकदा पुन्हा तुटून झालंय. आता पणाला लागायला उरली आहे ती शिल्लक गादी आणि दुसरा पाय.

सरांविषयी तुझ्या मनात राग आहे, आणि ते आपले आहेत म्हणून त्या रागाची लाजही आहे. दोन्ही पत्रात दिसतं. यावर मी बाहेरची म्हणून बोलू शकत नाही. मी ३१ वर्षं क्रीडाशिक्षिका होते आणि हेच मी केलेलं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जिल्हा स्पर्धेची उपांत्य फेरी, मातीचं मैदान. माझी सर्वांत चांगली पळणारी मुलगी खांबाजवळ वळताना पडली. गुडघा धरून बसली. मी धावत गेले, पाणी मारलं, पाय दोनदा वाकवून पाहिला आणि म्हणाले, ‘ऊठ, काही झालेलं नाही, दोन मिनिटं राहिलीत.’ ती उठली, कारण मी सांगितलं होतं. आम्ही तो सामना जिंकलो. पाच-सहा वर्षांनी ती लग्नाची पत्रिका द्यायला घरी आली. मी सवयीनं सतरंजी घातली. ती उभीच राहिली आणि हळूच म्हणाली, ‘बाई, खुर्ची असेल तर द्या.’ तिनं माझ्याविरुद्ध एक शब्द कधी काढला नाही. तिच्या आईवडिलांनीही नाही. त्या काळात मला एसीएल हा शब्द माहीत नव्हता हे खरं आहे, पण समोर एक मुलगी गुडघा धरून बसली आहे, हे दिसायला शब्द लागत नव्हता. मला दोन मिनिटं दिसत होती.

म्हणून सांगते, सर वाईट असतील असं नाही. त्यांना तुझ्यासाठी काहीतरी करायचंय आणि त्यांच्या हातात संघातलं एक नाव आहे, तेवढंच ते देऊ पाहतायत. पण घेऊ नकोस. आणि रागावण्याचा हक्कही सोडू नकोस. गुडघ्यात आवाज आलेल्या मुलीला त्या दिवशी पुन्हा पळवायचं नसतं. काही तासांत गुडघा टम्म सुजणं याचा बहुतेक वेळा अर्थ आत रक्त साठलंय असाच असतो. हे आज प्रशिक्षकाला माहीत असायला हवं. कुणाशी भांड असं म्हणत नाही, पण ‘नशीब माझं’ म्हणून ते झाकूही नकोस.

आता तुझी चूक. मी ते पान तीनदा वाचलं, कारण तू तिथे अक्षर बदललंयस, बारीक केलंयस.

ऑपरेशनमध्ये मांडीच्या मागचा स्नायूबंध किंवा वाटीखालची पट्टी काढून तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवतात. तो तुकडा बसवला की लगेच लिगामेंट होत नाही. आधी त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, तो कमकुवत होतो, मग हळूहळू त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि तो पक्का होत जातो. याला महिने लागतात, कधी वर्षाच्याही पुढे जातं. फसवणूक अशी की गुडघा त्याच्या कितीतरी आधी बरा वाटायला लागतो. सूज नाही, दुखणं नाही, जिना चढता येतो. तुला सहाव्या महिन्यात दुखत नव्हतं, कारण आतला कच्चा तुकडा दुखून सांगत नाही. म्हणूनच आता किमान ९ महिने थांबा म्हणतात, आणि तेव्हाही नुसतं कॅलेंडर पाहून सोडत नाहीत. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांवर आली का, एका पायावर उडी मारून नीट उतरता येतं का, हे मोजतात. तुझी मांडी कुणी मोजली? पत्रात लिहिलंयस की व्यायामाचा एक छापील कागद मिळाला आणि फिजिओथेरपीला रोज कुंभारीहून येणं परवडलं नाही म्हणून चार वेळा जाऊन सोडलं. एकवीस वर्षांच्या मुलीला निवड चाचणी दिसते तेव्हा ती उतरणारच. तिला थांबवायची जबाबदारी तिच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांची होती. तुझ्याकडून घाई झाली, हे मी पुसत नाही. पण माहिती तुला कुणी दिली नव्हती, आणि न दिलेल्या माहितीचा हिशोब तू एकटीनं भरू नकोस.

त्यात तू मुलगी. त्याच खेळात, तेवढंच खेळून मुलींचं एसीएल मुलांपेक्षा दुपटीहून जास्त वेळा तुटतं. उडीवरून उतरताना गुडघे आत वळणं हे त्यातलं एक मोठं कारण. आपण मैदान मातीवरून मॅटवर नेलं. मातीत पाय जरा घसरतो, मॅटवर बूट धरून ठेवतो, पाय तिथेच आणि अंग पुढे. मॅट आली, पण मुलींना उतरायचं कसं, थांबायचं कसं, हे शिकवायचं राहून गेलं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण रोज सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं तसा व्यायाम करून घेतला तर मुलींमधल्या या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी होतात. पंधरा मिनिटांचा प्रश्न होता.

पहाटे साडेचारची जाग. हे ऐकून मी थांबले. इतकी वर्षं त्या वेळी अंगाला पळायची सवय, आता अंग उठतं आणि त्याला कुठे न्यायचं ते माहीत नाही. एखादं माणूस गेल्यावर त्याच्या चहाच्या वेळेला घरात जे होतं, तेच हे आहे. तुला लोक सांगतील, चालता येतंय ना, मग रडतेस काय. त्यांना उत्तर देत बसू नकोस, आणि रडू आलं तर रड. तुझं काहीतरी खरंच गेलं आहे. खांबाला धरून फिरताना वारा कानाला लागायचा, समोरची नुसत्या खांद्याच्या हलण्यावरून ओळखू यायची, ते सगळं गेलं. एकविसाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसासाठी आपल्याकडे ना सत्कार आहे, ना निरोप समारंभ. तो नाही म्हणून दुःख लहान होत नाही.

एक मात्र बघ. दोन-तीन आठवडे सलग झोप नसेल, जेवण तुटलं असेल, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे विचार येत असतील, तर १४४१६ हा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. अम्माला सांगायला अवघड वाटलं तर आधी तिथे बोल. हजेरीतलं नाव परकं वाटतं असं जिनं लिहिलं, तिला हा नंबर दिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

पार्क मैदानाचा वळसा घालतेस, घाल. लोक तुला धीट हो म्हणतील. मला त्यात धीटपणाचा प्रश्न दिसत नाही. लांबचा रस्ता दहा मिनिटं जास्त घेतो, एवढंच. ज्या दिवशी तुला आपोआप जवळून जावंसं वाटेल त्या दिवशी जा. मैत्रिणींचं मात्र वेगळं. ग्रुप सोडलास ते बरं केलंस, तिथे रोज सरावाचे फोटो येणार. पण त्यांतली एक तुझ्या ऑपरेशनच्या रात्री दवाखान्यात बाकावर झोपली होती, असं तूच लिहिलंयस. तिला एकटीला फोन कर. नव्या पेठेत चहाला बोलव. तिला तुझ्याशी काय बोलावं कळत नसेल, म्हणून तीही गप्प असेल. खेळाचं बोलायचं नाही, असं आधीच सांगून टाक म्हणजे दोघी सुटाल.

आता गुडघा. दुसऱ्यांदा लिगामेंट बसवायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही, असं लिहितेस. मी डॉक्टर नाही. पण खेळायचं नाही म्हणजे काहीच करायचं नाही, असं धरून बसू नकोस. जिना उतरताना, वळताना गुडघा दगा देतो का, निसटल्यासारखा होतो का, याची पंधरा दिवस वहीत नोंद ठेव. तो निसटत असेल तर प्रत्येक वेळी उरलेली गादी घासली जाते, आणि मग ऑपरेशन हे खेळासाठी नाही, पुढच्या चाळीस वर्षांसाठी असतं. निसटत नसेल तर नुसत्या व्यायामावर पुष्कळ जण चांगले राहतात. ती वही आणि जुने-नवे एमआरआय घेऊन डॉक्टरांना स्पष्ट विचार. हवं तर सिव्हिलच्या अस्थिरोग विभागात दुसरं मत घे. त्यात आधीच्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

एक कडू गोष्ट लपवत नाही. अशा दुखापतीनंतर दहा-वीस वर्षांत जवळपास निम्म्या लोकांच्या गुडघ्यात झिजेची लक्षणं दिसतात. चाळिशीच्या आत. हे लांबवायला सगळ्यांत जास्त उपयोगाची वस्तू म्हणजे तुझी मांडी. तो छापील कागद सापडत नसेल तर पुन्हा माग. फिजिओकडे महिन्यातून दोनदा गेलीस आणि रोज घरी केलंस तरी चालेल, पण कर. साडेचारला जाग येतेच आहे, ती वेळ त्याला दे. डॉक्टरांनी होकार दिला की सायकल चालव. सोलापूरचे रस्ते बरेचसे सपाट आहेत, ऊन चढायच्या आत तासभर होतो. सायकल गुडघ्याला पिळत नाही. अम्माशेजारी मांडी घालून बिड्या वळायला तासन्‌तास बसू नकोस. मदत करायची असेल तर खुर्चीवर बसून सूप मांडीवर घे.

प्रमाणपत्राविषयी मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण सरांचा मुद्दा तोच आहे. तुझ्या पत्रात एक ओळ तू घाईत लिहून गेलीस, कुमारी गटात राष्ट्रीय सुवर्ण. पोरी, ते प्रमाणपत्र कुठे आहे? राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचे निकष १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात आहेत, नंतर त्यात बदलही झाले. तिथे तू काय मिळवलंस ते पाहतात. आज तुझा गुडघा खेळण्याजोगा आहे का, यावर ते मिळवलेलं पुसलं जात नाही. कुठली स्पर्धा, कुठलं स्थान, कुठल्या गटाच्या पदाला चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचार, ऐकीव माहितीवर राहू नकोस. आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते, ती क्रीडा उपसंचालकांकडून होते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणारी कितीतरी मुलं मी मुदत हुकवताना पाहिली आहेत. तू आत्ताच अर्ज करून ठेव. चौकोनात बसून मिळणाऱ्या कागदापेक्षा ट्रंकेत पडलेला कागद कदाचित कितीतरी मोठा आहे.

पोलीस भरतीचा विचार लिहिलायस. त्यात महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्या तयारीला लागू नकोस. १०० मीटरचा सुसाट स्टार्ट तुझ्या गुडघ्याला झेपेल की नाही, हे आज कुणी सांगू शकणार नाही. मैदानी चाचणी नसलेली पदंही असतात, आधी ती बघ.

‘मग प्रशिक्षक हो’ असं तुला सगळे म्हणतील. शारीरिक शिक्षणाचं बीपीएड दोन वर्षांचं आहे, पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, पंच परीक्षा आहे. धाराशिवची सारिका काळे भारताकडून खेळली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या मुलीला हा खेळ कुठवर नेऊ शकतो, हे तिनं दाखवलं. पण माझं मत विचारशील तर यंदा काहीच ठरवू नकोस. खेळ सुटल्याच्या दुसऱ्या महिन्यात शिट्टी गळ्यात घातलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. समोरच्या पोरी पळतात आणि यांचे डोळे त्यांच्या गुडघ्यांवर. वर्षभरानं वाटलं तर जा. नाही वाटलं तर बँकेची परीक्षा दे, एमए कर. दहा वर्षं खो-खोला दिलीस म्हणून उरलेलं आयुष्य त्याला देणं लागत नाहीस.

लग्नाचं थोडक्यात. आत्यांचं ऐकू नका. गुडघ्यावरचे व्रण पहिल्या सणाला पाटावर बसताना दिसणारच आहेत, आणि लपवलेली साधी गोष्टही मग मोठी होते. स्थळ आलं की पहिल्याच भेटीत अम्मानं सांगावं, ‘राष्ट्रीय खेळाडू होती, खेळताना गुडघ्याला लागलं, ऑपरेशन झालंय.’ या वाक्यावर जे घर उठून जाईल ते आधीच गेलेलं बरं. आणि यंदा लग्नच नको असेल तर तेही सांग. एका वर्षात एवढं पुरे.

अम्माबद्दल तू लिहिलंयस की तिनं तुझा एकच सामना पाहिला आणि गंठण अजून सुटलेलं नाही. हे ओझं तुझ्या गुडघ्यापेक्षा जड आहे, हे मला कळतं. पैसे तू फेडशील, त्याला चार वर्षं लागोत. पण तिला ‘माझ्यामुळे’ असं रोज ऐकवू नकोस. तिनं ते गंठण स्पर्धेसाठी ठेवलं नव्हतं.

शनिवारी सरांना समोर जाऊन सांगणं जड जाईल, डोळे भरून येतील आणि तू हो म्हणून बसशील. म्हणून आदल्या दिवशी मेसेज कर. शब्द सुचले नाहीत तर हे घे:

‘सर, माझं नाव देऊ नका. डॉक्टरांनी खो-खो बंद सांगितलाय, त्यात चौकोनात बसणंही आलं. माझ्या जागी राखीव मुलीला घ्या, ती तयार आहे. माझी कुमारी राष्ट्रीयची पडताळणी करायची आहे, त्यासाठी संघटनेकडून काही पत्र लागलं तर ते द्या, ही विनंती.’

एवढंच. खाली माफी मागू नकोस. त्यांनी फोन केलाच तर उचल, पण घरी बस, अम्मा शेजारी असू दे. आणि ते फारच आग्रह करायला लागले तर या सदराच्या पत्त्यावर मला कळव. मी त्यांच्याशी बोलेन. खुर्ची मागणारी ती मुलगी मी त्यांना सांगेन.

– तुझी बाई